चौथऱ्यावरची सुपारी

१

चौथरा रिकामा होता.

आदल्या दुपारी मी याच चौथऱ्यासमोर उभी होते. तेव्हा त्यावर काळ्या दगडाची, मांडी घालून बसलेली एक मूर्ती होती. उंचीला माझ्या गुडघ्याएवढी, पण अशी ठासून बसलेली की भूकंप आला तरी हलणार नाही असं वाटावं. आता तिथं काही नव्हतं. म्हणजे अगदीच काही नव्हतं असं नाही. चौथऱ्याच्या मधोमध चिमूटभर तांदूळ होते आणि त्यावर एक सुपारी उभी होती.

मी शिवगंगा देगलूरकर. नांदेडच्या एका दैनिकात दर रविवारी सदर लिहिते. गावोगावची देवळं, किल्ले, संग्रहालयं पाहायची आणि जे आवडलं नाही ते तसंच छापायचं. त्यामुळे मला कुठल्या गावानं दुसऱ्यांदा बोलावल्याचं फारसं आठवत नाही. लातूरनं तर पहिल्यांदाही बोलावलं नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. कलेक्टर आले होते, पाट्या रंगल्या होत्या, फक्त पाणी यायचं राहिलं होतं. लॉजवाल्यानं एक बादली पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "आंघोळ करायची का कपडे धुवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा." रिक्षावाल्याला संग्रहालय विचारलं तर तो शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "प्यायला पानी न्हाई, आन् ह्या बाई दगडं बघाया निघाल्यात." मीही त्याला दोन शब्द सुनावले. उन्हाळ्यात माझी जीभ आणखी वाईट होते.

मांजरा वस्तुसंग्रहालय गंजगोलाईच्या मागे, एका जुन्या कापसाच्या गोदामात होतं; त्याचं रीतसर उद्घाटन अजून व्हायचं होतं. तिथं दोनच माणसं. एक नरसिंगराव उदगीरकर, संग्रहालयाचे प्रमुख. सोनेरी काड्यांचा चष्मा, इस्त्रीचा सदरा, आणि दर दोन वाक्यांनंतर 'मी देव-बिव मानत नाही' हे पालुपद. दुसरा साहेबराव, राखणदार. खडकतळीच्या बौद्ध वस्तीतला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं मला दारातल्या रांजणातून अर्धा पेला पाणी दिलं होतं. "पुरा न्हाई देता येत बाई. टँकर परवा येनार, तवर रांजण पुरवायचाय."

ती मूर्तीही खडकतळीचीच. मुरुडच्या अलीकडचं हे गाव. रोजगार हमीवर पाझर तलाव खणताना ती सापडली आणि त्याच क्षणी भांडण लागलं. गावातले शेतकरी म्हणाले, ही आमची देवी. वस्तीतले म्हणाले, ही तारा आहे, बुद्धाच्या घरातली. सरकारनं दोघांनाही गप्प करून मूर्ती इथं आणून ठेवली. मी नरसिंगरावांना विचारलं होतं, "तुम्हाला काय वाटतं?"

"दगड आहे," ते हसून म्हणाले होते. "दगडाला धर्म नसतो."

वाक्य मला आवडलं होतं. छापायचंही ठरवलं होतं.

आता तेच नरसिंगराव रिकाम्या चौथऱ्याकडे बोट दाखवून उभे होते. "कुलूप शाबूत आहे," ते म्हणाले. "किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक साहेबरावकडे."

आणि सगळ्यांनी साहेबरावकडे पाहिलं.

२

फौजदार शरणप्पा बिराजदार घामानं भिजून आले आणि येताच मला म्हणाले, "तुम्ही कोण? बाहेर व्हा."

"मी काल मूर्ती पाहिलेली बाहेरची एकमेव माणूस आहे," मी म्हटलं. "मला बाहेर काढलंत तर साक्ष कोणाची घेणार? चौथऱ्याची?"

त्यांनी मला राहू दिलं, पण खुर्ची दिली नाही.

चौकशी म्हणजे काय, तर साहेबरावला भिंतीशी उभं करून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं. त्याचं उत्तरही तेच होतं. "साहेब अजून बसले व्हते. मला म्हनले तू जा. मी गेलो. मूर्ती जाग्यावर व्हती, रांजणाला झाकण घातलं व्हतं, निम्म्याच्या वर पानी व्हतं."

"मी त्याच्या पाठोपाठच निघालो," नरसिंगराव म्हणाले. "कुलूप मीच लावलं."

मी दारातल्या रांजणात डोकावले. तो कोरडा ठणठणीत होता.

"फौजदारसाहेब, रांजण रिकामा आहे."

"मग? चोराला तहान लागली असंल." हवालदार हसले.

"आणि ही सुपारी?"

"पान खाताना पडली. नाही तर उंदरानं आणली."

मी मुकाट्यानं चौथऱ्याभोवती फिरले. त्या महिन्यात वारा असा सुटला होता की गोदामात सगळीकडे बोटभर धूळ बसली होती. चौथऱ्याभोवतीची फरशी मात्र लख्ख. एरवी दारात असणारी काथ्याची चटई आज चौथऱ्याच्या पायथ्याशी अंथरली होती. मी चपलेच्या टोकानं तिचा कोपरा उचलला. शहाबादी फरशीला पांढरा ताजा टवका गेला होता.

"ओ बाई, हात लावू नका कशाला!" फौजदार ओरडले.

"हात नाही, पाय लावलाय," मी म्हटलं आणि चटई परत टाकली. माणूस माझ्यावर ओरडला की मी त्याला काही सांगत नाही. ही माझी खोड आहे आणि ती त्या दिवशी महागात पडली असती.

कारण तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि खडकतळीचे आप्पासाहेब आत आले. गावचे सरपंच, ज्या जमिनीत मूर्ती निघाली तिचे मालक. मूर्ती गावात आणून देऊळ बांधणार, असं ते गेले दोन महिने गावभर सांगत होते. पांढरं धोतर, तोंडात पान, कमरेला चंची.

"चोर कोन ते मला इचारा," ते म्हणाले. "एका मानसाला उचलत न्हाई ती. मी गाडीत ठेवताना बघितलंय, दोघं लागतेत. ह्यानं वस्तीतली पोरं आनून नेली."

"तुम्ही नेली नाही कशावरून?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे, बाजारात न खपलेल्या मालाकडे पाहावं तसं पाहिलं. "मी नेली असती तर वाजतगाजत नेली असती. चोरून कशाला?" मग फौजदारांकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "जवर देवी मिळत न्हाई, तवर टँकर वस्तीवर जानार न्हाई. गावात रिकामा होईल. काय करायचं ते करा."

साहेबरावच्या चेहऱ्यावर तोवर भीती नव्हती. ती आत्ता आली.

३

साहेबरावला चौकीवर नेलं. संग्रहालयाच्या फाटकाशी त्याची बायको सरजाबाई हातात रिकामी घागर घेऊन बसली होती. खबर लागली तशी ती मिळेल त्या जीपनं आली होती. घागर ठेवून यायचं सुचलं नव्हतं. टँकरचं फर्मान तिनं इथं फाटकातच ऐकलं होतं.

"बाई, तुम्ही पेपरवाल्या का?" तिनं विचारलं. "मंग लिव्हा. विहीर आटलीय आमची. टँकरशिवाय घोटभर न्हाई. लेकरं हायती, म्हाताऱ्या हायत्या. चोरी केली म्हनत्यात तर धरलंय की त्यास्नी. बाकीच्यांनी काय केलं?"

राग आला की मला शब्द सुचतात, पण लाज वाटली की सुचत नाहीत. सकाळी त्या टवक्याबद्दल बोलायचं सोडून मी मान उडवत बसले होते.

चौकीवर जाऊन मी साहेबरावला भेटायला मागितलं. फौजदारांनी कपाळावर आठ्या घातल्या. "ह्या बाई म्हणजे गळ्यात पडलंय लोढणं," असं हवालदाराला म्हणाले, पण भेटू दिलं.

"साहेबराव, काल तुम्ही एकेक मूर्ती फडक्यानं पुसत होता. ती एकच सोडली. का?"

त्यानं मान खाली घातली.

"मी तेव्हा विचारलं, तर म्हणालात, 'ती साहेब स्वतः पुसतेत.' तुमच्या गावची मूर्ती, आणि तुम्हीच हात लावायचा नाही?"

"तसं म्हनले साहेब. 'नाजूक हाय, तू हात लावू नको.'" त्यानं मान वर केली. "नाजूक कशाची बाई? मी खणलीय ती. माझ्या टिकावाखाली आली. मातीतनं मीच काढली दोन्ही हातांनी."

"काल संध्याकाळी साहेब काय करत होते?"

"फोटोवाला येनार म्हनून मूर्ती दाराकडं तोंड करून फिरवायची व्हती. मी म्हनलं, धरू का? म्हनले, नको, तू जा."

"हे तुम्ही फौजदारांना सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हनले, साहेबावर ढकलतो का."

मी उठले. दारात मला एकदम आईचा देव्हारा आठवला.

देगलूरच्या आमच्या घरी चांदीचे टाक होते, कुळाच्या देवांचे. काळवंडले की आई ते सोनाराकडे उजळायला द्यायची. ते देण्याआधी ती देव्हाऱ्यात चिमूटभर तांदूळ टाकून त्यावर एक अख्खी सुपारी मांडायची. देवाची जागा रिकामी ठेवायची नाही. देव परत आला की सुपारी उचलायची. आमच्याकडे घरोघरी हे करतात आणि कोणी त्याचा विचारही करत नाही, हात आपोआप डब्यात जातो.

आप्पासाहेबांच्या चंचीत असते ती कातरलेली सुपारी. चौथऱ्यावरची अख्खी होती, तांदळावर होती, आणि उभी होती. ती पडलेली नव्हती, कुणीतरी मांडली होती.

मग ती मांडणारा कोण? साहेबराव नव्हे. त्याच्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात सुपारीचा देव होत नाही. आप्पासाहेबही नव्हेत. त्यांच्या लेखी संग्रहालय म्हणजे देवीचा तुरुंग. देवीला तुरुंगातून सोडवून नेणारा माणूस तिथं तिची जागा कशाला राखून ठेवेल?

ती सुपारी एवढंच सांगत होती, की देव बाहेर गेलाय आणि परत येणार आहे. ज्यानं मूर्ती नेली, तो ती परत आणणार होता.

आणि देव घराबाहेर जातो तो दुरुस्तीला. चांदीचा असेल तर सोनाराकडे. आणि दगडाचा असेल तर?

४

लातूरला पाहण्यासारखं काय आहे, असं मी त्या दुपारी ज्याला त्याला विचारत सुटले. पाहुण्या बाईनं देवळं बघत हिंडावं यात संशय घेण्यासारखं काही नसतं, फक्त लोकांना तिचा राग येतो.

सिद्धेश्वराच्या देवळात पुजाऱ्यानं मला पायरीवरच अडवलं. "दर्शन घ्या आणि निघा. फोटो-बिटो नाही."

"देवळाचं दगडकाम कोण दुरुस्त करतं?"

"इथं कुणी नाही. कलेक्टर कचेरीचं बांधकाम चाललंय, तिकडं पाथरवट उतरलेत." एवढं सांगून तो पाठमोरा झाला. मी त्याचे आभार मानले तेही त्यानं ऐकले नाहीत.

नव्या जिल्ह्याची नवी कचेरी. बार्शी रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, ताडपत्रीची पालं, छिन्नीचा आवाज. उन्हात नजर ठरत नव्हती. पाथरवटांचा म्होरक्या दगडोबा एका पालाच्या सावलीत बसला होता. मी पुढे गेले तसा म्हणाला, "काम चालू हाय. तमाशा न्हाई इथं."

"मलाही तमाशाची हौस नाही," मी म्हटलं. "संग्रहालयाच्या साहेबांनी काम दिलंय ना तुमच्याकडे? झालं का ते?"

हे मी अंधारात दगड मारल्यासारखं म्हटलं. त्याची छिन्नी थांबली.

"साहेबांनी पाठवलं का तुमाला? त्यांना सांगा, घाई करू नका. मसाला वाळला न्हाई अजून. दगड चांगला हाय, पर पाडला कसा त्यांनी?" तो कुरकुरत उठला. "सांजच्याला एकटेच आले रिक्षानं. एक पोतं उतरवलं, मग दुसरं. म्हनले, कुणाला बोलायचं न्हाई, उद्घाटन हाय. मला कुनाशी बोलायला येळ कुठं हाय?"

"दोन पोती?"

"दोन तुकडे, तर दोन पोती." त्यानं कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं.

मूर्ती मांडी घालून बसली होती. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपी एक ओली रेघ गेली होती.

"फौजदारांना बोलावून आणते," मी म्हटलं. "तोवर हिला हलवू नका."

"आता ह्यात फौजदार कशाला?" दगडोबानं विचारलं.

५

दिवस कलायच्या आत सगळे पुन्हा गोदामात जमले होते. फौजदार, आप्पासाहेब, नरसिंगराव. साहेबरावला हवालदारानं दंडाला धरून आणलं होतं. सरजाबाई घागर घेऊन दारात. मूर्ती बाहेर हातगाड्यावर होती, गोणपाटाखाली, आणि दगडोबा शेजारी उभा होता. त्या गोणपाटाखाली काय आहे हे दगडोबाखेरीज फौजदारांना आणि मलाच माहीत होतं.

"दोघांशिवाय उचलत नाही," मी आप्पासाहेबांना म्हटलं. "बरोबर बोललात. अख्खी असती तर एकट्या माणसाला नेता आली नसती. पण तिचे दोन तुकडे झाले होते. एकेक करून नेले."

"तुकडे?" आप्पासाहेबांच्या तोंडातलं पान थांबलं.

मी चटई ओढून बाजूला फेकली. "हा टवका पाहा. मूर्ती इथं पडली. काळी कच फरशीवर पसरली. ती धुवायची म्हणून रांजणातलं सगळं पाणी ओतलं. ज्या गावात अर्धा पेला मोजून मिळतो, तिथं ही फरशी आंघोळ करून बसलीय. चोर फरशी धुवत नाही, फौजदारसाहेब. फरशी धुतो तो, ज्याला दुसऱ्या दिवशी इथंच उभं राहायचं असतं."

फौजदारांनी नरसिंगरावांकडे पाहिलं.

"हे सगळे तर्क आहेत," नरसिंगराव म्हणाले.

"सुपारी तर्क नाही. देव दुरुस्तीला गेला की त्याच्या जागी सुपारी ठेवतात. तुमच्या आईनं ठेवली असेल, तुम्ही लहानपणी पाहिली असेल. साहेबराव असली सुपारी मांडत नाही. आप्पासाहेब इथं मांडणार नाहीत. हिची जागा हीच आणि ही परत येणार, असं मनात असलेला माणूस एकच. तुम्ही देव मानत नाही, नरसिंगराव. पण तुमच्या हाताला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही."

फौजदारांनी खूण केली. दगडोबानं हातगाडा दाराशी आणून गोणपाट काढलं. "साहेब, तुमचं काम," तो साधेपणानं म्हणाला. "जोड दिसतोय थोडा, पर बसलाय घट्ट."

नरसिंगराव खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी परत आणणारच होतो," ते म्हणाले. "उद्घाटनाच्या आधी. फुटली म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती. चोरी झाली म्हटलं, की चार दिवसांनी सापडली असं म्हणता आलं असतं."

"आणि हे चार दिवस साहेबराव कुठं असता?"

त्यांचा हात पुन्हा चष्म्याकडे गेला.

"आणि एकट्यानं का उचललीत? तो 'धरू का' म्हणाला होता."

"तो... तो नव्हता तेव्हा. निघून गेला होता."

साहेबरावनं हवालदाराच्या हातातून दंड सोडवून घेतला. मला वाटलं होतं तो ओरडेल. मी असते तर ओरडले असते.

तेवढ्यात आप्पासाहेब मूर्तीजवळ गेले, वाकून जोडावरून नजर फिरवली आणि चटकन मागे सरले. "भंगलेली देवी गावात न्हाई चालत," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या हितंच." दोन महिने देवळाची भाषा करणारा माणूस ती रेघ पाहून मिनिटात मोकळा झाला. मग ते जीपकडे निघाले.

"आप्पासाहेब," फौजदारांनी हाक मारली. "टँकर."

"उद्या बघू."

"उद्या नाही. आज. मी स्वतः टँकरवर बसून येतो. वस्तीवर पहिली घागर भरली की मग गावात." सकाळपासून मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. त्यातल्या निम्म्या मी तिथंच परत घेतल्या.

आप्पासाहेब पचकन थुंकले आणि गेले.

"बरं, ही चढवा आता चौथऱ्यावर," फौजदार म्हणाले. "उघड्यावर ठेवू नका. कोण धरतंय?"

दगडोबानं एक बाजू धरली. दुसरीकडून साहेबराव पुढे झाला आणि त्यानं हात लावायला वाकून दोन्ही तळवे पुढे केले.

"तू नको—"

नरसिंगराव खुर्चीतून अर्धे उठले होते. हात पुढे आला होता. तो शब्द त्यांच्या तोंडून सुटला तसा त्यांनाही तो ऐकू आला, आणि ते तसेच राहिले, ना उभे ना बसलेले.

मूर्ती का पडली, हे आता मला कुणाला समजावून सांगावं लागणार नव्हतं. दगडाला धर्म नसतो म्हणणाऱ्या माणसानं, दगडाला साहेबरावचा हात लागू नये म्हणून तो दगड एकट्यानं उचलला होता.

साहेबरावनं त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी मूर्ती धरली, जशी मातीतून काढताना धरली असेल तशी, आणि दगडोबाला म्हणाला, "उचल."

चौथऱ्यावर सुपारी अजून होती. मूर्ती टेकवायच्या आधी साहेबरावनं एका गुडघ्यावर तिचा भार घेतला, सुपारी उचलली आणि मूर्ती जागेवर बसवली. तांदूळ तिच्याखाली गेले. मग तो नरसिंगरावांपुढे गेला आणि सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही तुमची," तो म्हणाला.

त्यांनी मूठ मिटली नाही. सुपारी तळहातावरून घरंगळून फरशीवर पडली आणि टवक्यापाशी थांबली.

दारातून सरजाबाईनं विचारलं, "टँकर निघाला का वो?" तिनं आतलं काही पाहिलंच नव्हतं. ती सगळा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

"निघतोय," फौजदार म्हणाले.

ती घागर कडेला घेऊन पायऱ्या उतरली. साहेबराव तिच्या मागे गेला. जाताना त्यानं संग्रहालयाची किल्ली कमरेची सोडली आणि दारातल्या कोरड्या रांजणाच्या झाकणावर ठेवून दिली.